मुळी कशाची, ओळखायची कशी? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या वेळी टपालात पत्रं कमी अन् पुड्याच जास्त आल्यात. कुणी पेपरात गुंडाळून मुळ्या पाठवल्या, कुणी प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल्याच भरल्या, त्या इथं पोचेपर्यंत बुरशीनं गेल्या. म्हणून आधीच सांगते, मुळी पाठवायची तर सावलीत वाळवून पाठवा आणि जमलं तर त्याच झाडाची पानं, फूल, फळ असलेली एक फांदी पेपरात दाबून वाळवून सोबत ठेवा, कुठं उपटली, कोणत्या महिन्यात, रान कसलं होतं हे दोन ओळीत लिहा. नुसत्या मुळीवरून ओळख पटते, पण वेळ लागतो आणि दरवेळी पटेलच असं नाही. फांदी असली की निम्मं काम तिथंच होतं.

प्रश्न : मॅडम नमस्कार. आम्ही चार जणांनी मिळून गेल्या साली अश्वगंधा लावली. व्यापाऱ्यानं माल हातात घेतला न घेतला तोच म्हणला ही नागोरी नाही, ढोरगुंज आहे, रानटी, आणि भाव पार खाली आणला. बी आम्ही चांगलं बघून घेतलं होतं. आता ही खरी अश्वगंधा आहे हे आम्ही कशावरनं दाखवावं? मुळ्या सोबत पाठवल्या आहेत.
– एक शेतकरी, औसा

उत्तर : दादा, तुमच्या मुळ्या मी दोन दिवस टेबलावर ठेवून बघितल्या. ती अश्वगंधाच आहे. आणि ढोरगुंज म्हणजे पण अश्वगंधाच, आस्कंद म्हणा, ढोरगुंज म्हणा, झाड एकच, विथानिया सोम्निफेरा. नागोरी हे राजस्थानातल्या नागौरवरून पडलेलं बाजारातलं नाव, जाड, सरळ, पिठूळ मुळीला ते लावतात. तेव्हा "नागोरी नाही" असं कुणी म्हणलं तर तो फार तर प्रतीबद्दल बोलतोय, झाड दुसरं आहे असा त्याचा अर्थ होत नाही, हे आधी डोक्यात पक्कं करा.

आता प्रत. तुमच्या मालात दोन प्रकारच्या मुळ्या मिसळल्यात. काही मुळ्या सरळ, बोटासारख्या, बाहेरून मातकट पिवळ्या, अंगावर उभ्या बारीक सुरकुत्या, आणि दोन्ही हातांनी वाकवल्या की कट्ट करून मोडतात, आत पांढरं पिठासारखं. या चांगल्या. दुसऱ्या फाटे फुटलेल्या, मोडताना वाकतात, मोडलेल्या जागी काड्यांसारखे धागे निघतात, आतलं पांढरं कमी आणि पिवळट लाकूड जास्त. लागवडीच्या कोवळ्या मुळीत आतला लाकडाचा भाग सुद्धा बराचसा मऊ, स्टार्च भरलेल्या पेशींचा असतो, रानातली जुनी मुळी असेल किंवा काढायला उशीर झाला तर तोच भाग कडक होत जातो. मायक्रोस्कोपखाली हे एकदम स्पष्ट दिसतं, फ्लोरोग्लुसिनॉल आणि हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडचा थेंब टाकला की लाकडाळ पेशी गुलाबी-लाल होतात, तुमच्या चांगल्या मुळीत गुलाबी ठिपके विरळ पसरलेले दिसले आणि फाटेवाल्या मुळीत सगळा मधला भाग गुलाबी.

फाटे का फुटले तर रान. अश्वगंधेला रेताड, पाणी निथळणारी हलकी जमीन लागते, आपली काळी कसदार माती कापसाला सोयाबीनला सोन्यासारखी पण सरळ खाली जाणाऱ्या मुळीला ती दाबून धरते, आणि काढताना पहिल्यांदा मुळीचं टोक तुटतं मग चिखल सुरकुत्यांत बसतो तो सहजी निघत नाही. हा चिखल नुसता दिसायला वाईट नाही. लॅबमध्ये मुळी जाळून राख करतात, ती राख अ‍ॅसिडमध्ये उकळतात, जे विरघळत नाही ते माती-वाळू. अश्वगंधेसाठी आयुर्वेदिक फार्माकोपियात, म्हणजे औषधांच्या सरकारी प्रमाणग्रंथात, एकूण राख ७ टक्क्यांच्या आत आणि बाहेरचा कचरा २ टक्क्यांच्या आत असावा लागतो, काळ्या रानातला न धुतलेला माल इथंच नापास होतो. काढल्या काढल्या वाहत्या पाण्यात झटकन धुवा, भिजत घालू नका, वरचा खोडाचा बुडखा कापून टाका, जाड-बारीक वेगळं करा आणि मग वाळवा. पुढच्या वेळी माळावरचं मुरमाड रान निवडा.

दाखवायचं कशावरनं, तर मेडिकलमध्ये मिळणारं टिंक्चर आयोडीन मोडलेल्या मुळीवर एक थेंब टाका, काळं-निळं होईल कारण आत स्टार्च ठासून भरलाय. पण एवढ्यावर थांबू नका, कारण स्टार्च रताळ्यात पण आहे आणि ज्वारीच्या पिठात पण आहे, दोन्ही तसंच निळं होणार. इथं मायक्रोस्कोपच लागतो. अश्वगंधेचे स्टार्चचे कण गोलसर, कधी एकटे कधी दोन-तीन-चार चिकटलेले, ज्वारी-मक्याचे कण मात्र एकमेकांना दाबून कोनाकोनाचे झालेले, मधोमध चांदणीसारखी चीर. मुळीच्या भुकटीत कुणी पीठ घातलं तर हे एका स्लाइडमध्ये कळतं. शिवाय अश्वगंधेच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटचे वाळूसारखे अगदी बारीक स्फटिक भरलेले असतात, त्यांची पण मदत होते. जवळच्या फार्मसी किंवा आयुर्वेद कॉलेजला चांगल्या प्रतीची आणि फाटेवाली अशी वेगवेगळी सॅम्पलं द्या, लेखी रिपोर्ट मागा आणि तो घेऊन व्यापाऱ्याकडं जा.

एक गोष्ट मला फार वाटते म्हणून लिहिते. बाजारात जाड पांढऱ्या मुळीला भाव जास्त मिळतो हे खरं, पण पांढरेपणा म्हणजे स्टार्च, औषध नाही. औषधी तत्त्वं म्हणजे विथानोलाइड, ती स्टार्चच्या जोरावर वाढत नाहीत. तेव्हा तुमची बारीक मुळी टाकाऊ आहे असं समजून बांधावर फेकू नका, विथानोलाइड तपासून घेणारा गिऱ्हाईक असेल तर तिला पण दाम आहे.

प्रश्न : मॅडम, मी बीफार्मची विद्यार्थिनी आहे. प्रॅक्टिकलला मुळीचा सेक्शन, म्हणजे पातळ काप, घेते पण एकतर जाड येतो नाहीतर चुरा होतो. मायक्रोस्कोपमध्ये नुसतं काळं दिसतं आणि मी मग पुस्तकातली आकृती बघून काढून देते. असं करायला नको वाटतं पण काय करू?
– एक विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : तुला नको वाटतं हे वाचून मला बरं वाटलं. आता हातातलं काम बघू.

वाळलेली मुळी तशीच कापायची नाही. रात्रभर पाण्यात भिजव, फार कडक असेल, सर्पगंधेसारखी, तर पाण्यात थोडा वेळ उकळ. खूप मऊ झाली तर स्पिरिटमध्ये ठेव, जराशी घट्ट होते. मग धरायचं कशात हा प्रश्न. कॉलेजात बटाटा देतात आणि त्याच्यात मोठी अडचण आहे, बटाट्याचा स्टार्च सगळ्या सेक्शनवर पसरतो आणि पोरी ते मोठे अंड्यासारखे, एका बाजूला ठिपका असलेले कण मुळीचे म्हणून काढून देतात. गाजर वापर. आमच्या वेळी आम्ही कडब्याच्या धाटातलं भेंड वापरायचो, लहानपणी ज्याच्या बैलगाड्या केल्या ना तेच, वाळलेलं, हलकं, मऊ, मधोमध चीर द्यायची आणि मुळीचा तुकडा आत बसवायचा. नवं ब्लेड घे, दरवेळी नवं, ब्लेड आणि मुळी दोन्ही पाण्यानं ओली, आणि ब्लेड दाबायचं नाही, स्वतःकडं एका दमात ओढायचं. वीस-पंचवीस काप घे, सगळे वाटीत पाण्यावर सोड, त्यातला जो जवळजवळ दिसतच नाही तो ब्रशनं उचल. अख्खं वर्तुळ यायला हवं असा हट्ट सोड. पाचरीसारखा तुकडा, बाहेरच्या सालीपासून मध्यापर्यंत, पातळ असला की त्यात सगळं आलं.

मग क्रम महत्त्वाचा. पहिली स्लाइड साध्या पाण्यात, त्यात स्टार्च बघ, वाटल्यास आयोडीनचा एक थेंब कडेनं सोड. दुसरी स्लाइड क्लोरल हायड्रेटमध्ये गरम करून, याच्यानं स्टार्च, रंग, आतला कचरा विरघळतो आणि भिंती, स्फटिक, धागे स्वच्छ दिसतात. तुझं "नुसतं काळं" इथं जाणार. उलटा क्रम केलास तर स्टार्च सापडणार नाही आणि तू वहीत "स्टार्च नाही" असं चुकीचं लिहिशील. तिसरी लाकडासाठी, फ्लोरोग्लुसिनॉल लावून ते जरा वाळलं की अ‍ॅसिड, गुलाबी काय झालं ते बघ, आणि अ‍ॅसिडची वाफ लेन्सला लागू देऊ नकोस, कॉलेजचे मायक्रोस्कोप त्याच्यानंच खराब होतात. १० च्या लेन्सवर आधी सगळा नकाशा बघ, कुठं साल, कुठं रस्त्यासारखे किरण, कुठं लाकूड, मग ४० वर जा. खालचा डायफ्राम, उजेड कमी-जास्त करणारी झडप, थोडा बंद केलास तर भिंती उठून दिसतात, बहुतेकजण तो उघडाच ठेवतात. काळ्या जाड कडेचा गोल दिसला तर तो हवेचा बुडबुडा आहे, स्फटिक नाही, तेलाचा थेंब पण नाही.

स्फटिक आहे की नाही अशी शंका आली तर गॉगलच्या पोलरॉइड काचेचे दोन तुकडे मिळव, एक खाली दिव्यावर, एक वर आयपीसवर, वरचा फिरवत जा, सगळं अंधारलं की कॅल्शियम ऑक्झलेट चमकतं. स्टार्च पण चमकतो पण त्याच्यावर काळा फुलीचा ठसा दिसतो. हे एकदा स्वतःच्या डोळ्यानं बघितलंस की परत आकृती उतरवून द्यावी वाटणार नाही.

सरावाला शतावरी घे, ती शिकायला सगळ्यात छान. एकदलीची मुळी आहे, त्यामुळं बाहेर केसांचा थर, मग रुंद कॉर्टेक्स म्हणजे सालीचा मऊ भाग, त्यात सुयांच्या जुड्यांसारखे रॅफाइड स्फटिक, आतल्या बाजूला स्टोन सेलचा म्हणजे जाड भिंतीच्या पेशींचा पट्टा, मग एंडोडर्मिस हा एका पेशीचा थर, आणि त्याच्या आत पाणी आणि अन्न वाहून नेणारे झायलेम-फ्लोएम आळीपाळीनं गोलात बसलेले, मधे पिथ म्हणजे गाभा. मग त्याच दिवशी अश्वगंधा काप. दोन शेजारी ठेवून बघितलं की एकदल-द्विदल फरक पाठ करायची गरज राहत नाही. आणि वहीत जे दिसलं तेच काढ, अर्धवट दिसलं तर अर्धवटच.

प्रश्न : ताई, नातीला गुटी उगाळून द्यायची आहे. दुकानातून अतिविष आणलं, ते आमच्या सासूबाईंच्या वेळेसारखं दिसत नाही, जरा काळपट आहे. चाखून बघितलं तर कळेल का? अतिविष कडू असतं म्हणतात.
– एक आजी, परभणी

उत्तर : आजी, चाखू नका. बाळाला तर अजिबात देऊ नका, आणि ती पुडी पोरांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा.

कारण सांगते. अतिविष आणि बचनाग दोन्ही एकाच घराण्यातले, अ‍ॅकोनिटम. अतिविष कडू असतं, पण बचनाग जिभेला मुंग्या आणतो, बधिर करतो, आणि त्यातलं अ‍ॅकोनिटीन हृदयाचे ठोके बिघडवतं, अगदी थोडं पोटात गेलं तरी जीव जाऊ शकतो. चांगलं अतिविष लहान, शंकूसारखं, बाहेरून राखाडी-पांढरट, मोडलं तर आत स्वच्छ पांढरं पिठूळ आणि त्यात गोलात बसलेले चार-सहा पिवळट ठिपके. बचनाग बहुतेक मोठा, तपकिरी-काळा, मोडल्यावर पिठूळ न राहता शिंगासारखा कडक चकचकीत. पण यावर विसंबून बाळाला उगाळून द्या असं मी म्हणणार नाही, कारण दोन्हींत स्टार्चच भरलेला, मायक्रोस्कोपखाली पण फरक करायला सवयीचा डोळा लागतो आणि शेवटी लॅबमध्ये अल्कलॉइड, म्हणजे अ‍ॅकोनिटीनसारखी तीव्र तत्त्वं, तपासावी लागतात. आणि ही झाडं हिमालयातली, आपल्याकडं येत नाहीत, म्हणून "आमच्या रानातलं अतिविष" म्हणून कुणी दिलं तर ते घेऊच नका.

सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईचं दूध पुरतं. त्यानंतर काही द्यायचं तर डॉक्टरला किंवा शिकलेल्या वैद्याला विचारून, आणि पुडी त्यांना दाखवून. तुम्ही आधीच जीभ लावली असेल आणि तोंडाला मुंग्या, बधिरपणा, उलटी, छातीत धडधड वाटली तर वाट बघू नका, लगेच दवाखान्यात जा, पुडी सोबत न्या.

प्रश्न : हळद ही मुळी आहे का? पोराला शाळेत विचारलं, त्यानं हो लिहिलं, मास्तरनं चूक दिली. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या हळद काढतो, जमिनीतनंच काढतो.
– एक हळद उत्पादक, वसमत

उत्तर : मास्तरांचं बरोबर आहे दादा. हळद हे जमिनीखालचं खोड. पोराला कच्चं हळकुंड दाखवा, त्याच्यावर आडव्या रिंगा दिसतील, त्या म्हणजे सुकलेल्या पानांच्या खुणा, आणि रिंगांजवळ डोळे, त्यातनं नवा कोंब येतो म्हणून तर तुम्ही बेणं लावता. मुळीला डोळे आणि पानाच्या खुणा नसतात. हळकुंडाला खाली जे दोरे लटकतात, काढताना आपण ओरबाडून टाकतो, ती खरी मुळी. आलं, वेखंड तसंच. बटाटा पण खोड, रताळं मात्र मुळी.

प्रश्न : आमच्या बांधावर सराटा, रिंगणी, डोरली लई. दशमुळाला या मुळ्या लागतात असं ऐकलं. आम्ही बायका गट करून गोळा करून वाळवून विकावं म्हणतोय. काय काळजी घ्यावी?
– महिला बचत गटाच्या एक सदस्य, केज

उत्तर : ताई, विचार फार चांगला आहे. दशमुळात पाच झाडांच्या मुळ्या, बेल, टेटू, शिवण, पाडळ, ऐरण, आणि पाच छोट्या, सालवण, पिठवण, डोरली, रिंगणी, सराटा. तुम्ही छोट्यांवरच राहा. मोठ्या झाडांची मुळी काढायची म्हणजे झाड मारायचं, त्यामुळं बाजारात त्याऐवजी बऱ्याचदा खोडाची साल किंवा बारीक फांद्याच येतात.

तीच चूक तुमच्या मालात होऊ देऊ नका. सराटा उपटला की मुळीसोबत खोडाचा बुडखा येतो, वाळल्यावर दोन्ही सारखेच दिसतात. ओळखायचं असं की आडवा काप घ्या, भिंगातनं बघा, मधोमध मऊ पांढरा गाभा दिसला तर ते खोड, मधोमध घट्ट लाकूडच असेल तर मुळी. या दोन-तीन झाडांना ही खूण चालते, पण सगळ्याच वनस्पतींना लावू नका, वर शतावरीत सांगितलं तसं एकदल मुळीत मधे पिथ असतं. सराट्याची मुळी बारीक, फिक्या रंगाची, धागेदार, आणि वजनाला फार कमी भरते, म्हणून कुणाला आगाऊ शब्द देताना जपून. सराटा म्हणजेच गोखरू, बाजारात गोखरू म्हणलं की काटेरी फळ मागतात, दशमुळाला मात्र मुळी, गिऱ्हाईकाला काय हवंय ते आधीच विचारून घ्या. रिंगणी आणि डोरलीचे ढीग वेगळे ठेवा, दोन्ही वांग्याच्या घराण्यातल्या, मुळ्या वाळल्यावर एकसारख्या होतात आणि मग कुणालाच वेगळ्या करता येत नाहीत. प्रत्येक पोत्यात त्या झाडाची एक वाळलेली फांदी टाकून द्या, फळासकट. फळ पडून बी रुजल्यावरच उपटा आणि बांधावर चारातलं एक झाड तरी राहू द्या.

प्रश्न : माझं काष्ठौषधीचं जुनं दुकान आहे. या वेळी अनंतमुळाचा जो माल आला तो नेहमीपेक्षा जाड आहे, पण वास जास्तच गोड. गिऱ्हाईक खुश आहेत. मला शंका वाटते. बरोबर आहे का शंका?
– एक दुकानदार, उदगीर

उत्तर : बरोबर आहे. तुम्ही पाठवलेली मुळी अनंतमूळ नाही.

अनंतमूळ म्हणजे आपली उपळसरी, हेमिडेस्मस इंडिकस. तिची मुळी पेन्सिलीएवढी किंवा त्याहून बारीक, वाकडीतिकडी, गडद तांबूस-तपकिरी, सालीवर आडव्या चिरा, आत पिवळट लाकूड. तुमची आहे ती बोटापेक्षा जाड, गुबगुबीत, साल सोलून निघते. ती डेकॅलेपिस हॅमिल्टोनी, दक्षिणेतल्या डोंगराळ भागातली वेल, कर्नाटकात तिला माकळी बेरु म्हणतात आणि तिचं लोणचं घालतात. वास दोन्हींना अगदी सारखा, व्हॅनिलासारखा, कारण वासाचा मुख्य पदार्थ दोन्हींत एकच आहे, आणि डेकॅलेपिस जाड म्हणून वास जास्तच येतो. म्हणजे नाकावर भरवसा ठेवला की हमखास फसायला होतं. मी स्वतः विद्यार्थी असताना फसले होते, परीक्षेत वास घेतला आणि ठामपणे अनंतमूळ लिहून आले, सरांनी नंतर बोलवून स्लाइड दाखवली. डेकॅलेपिसच्या सालीत स्टोन सेलचे पुंजके, जाड भिंतीच्या दगडासारख्या पेशी, गुलाबी होऊन चमकत होत्या. उपळसरीत त्या नसतात, तिच्यात चिकाच्या नळ्या आणि चौकोनी स्फटिक दिसतात. तो दिवस मला आजही आठवतो, आणि त्यानंतर मी वासावर कधी उत्तर दिलं नाही.

ही पद्धत जुनी आहे. श्लायडेन नावाच्या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञानं, पेशी सिद्धांतातला तोच श्लायडेन, १८४७ साली सार्सापरिला या परदेशी औषधी वेलीच्या मुळ्या कुठनं आल्यात हे नुसत्या एंडोडर्मिसच्या पेशींच्या आकारावरून वेगळं करून दाखवलं होतं. उपळसरीला इंग्रज इंडियन सार्सापरिला म्हणायचे, तेव्हा हा विषय तुमच्या दुकानाच्या जवळचाच.

तुम्ही काय करावं? गिऱ्हाईक खुश असलं तरी अनंतमूळ म्हणून विकू नका. डेकॅलेपिस विषारी नाही, लोक खातात, पण वैद्यानं उपळसरी लिहिली तर उपळसरीच मिळायला हवी. परत करता येत असेल तर करा, नाहीतर खरं नाव लिहून सरबताला विका. पुढच्या वेळी पोतं घ्यायच्या आधी वेगवेगळ्या कोपऱ्यांतनं मूठभर काढून आडवे मोडून बघा.

प्रश्न : वडिलांना बीपी आहे. माळेगावच्या यात्रेत एकाकडनं सर्पगंधेची मुळी घेतली, तो म्हणला गोळ्या बंद करा आणि ही उगाळून घ्या. आमच्या गावाजवळ पण सर्पगंधा उगवते असं एक जण सांगतो, चार-चार पानं येतात ती. ती खरी का? दोन्ही पाठवतो आहे.
– एक वाचक, किनवट

उत्तर : भाऊ, आधी हे की वडिलांच्या गोळ्या बंद करू नका. अचानक बंद केल्या की बीपी उसळतं.

सर्पगंधा ही गंमत म्हणून उगाळायची मुळी नाही, ती खरोखर काम करते म्हणूनच सांगते. १९३१ साली सलीमुझ्झमान सिद्दीकी आणि रफत हुसेन सिद्दीकी यांनी तिच्यातनं अजमलीन वेगळं काढलं, हकीम अजमल खान यांच्या नावावरून ते नाव. १९४९ साली मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी बीपीच्या रुग्णांवरचा अनुभव ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापला आणि जगाचं लक्ष गेलं, १९५२ साली रेसरपीन सापडलं. त्याच रेसरपीननं बीपी फार खाली जाऊ शकतं, मन उदास होऊ शकतं, आणि चालू गोळ्यांच्या वर ते गेलं तर किती परिणाम होईल ते मोजायला घरात साधन नाही. उगाळलेल्या मुळीत औषध किती उतरलं हे कुणीच सांगू शकत नाही, मुळी खरी असली तरी.

आता ओळख. चार-चार पानांची जी फांदी पाठवली, चारीची लांबी कमी-जास्त, ती राउवोल्फिया टेट्राफायला, मूळची अमेरिकेकडची, इकडं रानटी झालीय. सर्पगंधा तिची बहीण, राउवोल्फिया सर्पेंटिना, तिला एका जागी बहुतेक तीन पानं. फांदी पाठवलीत म्हणून हे पाच मिनिटांत झालं. यात्रेतल्या मुळीला फांदी नव्हती, तिला अर्धा दिवस लागला. बाहेरून दोन्ही सारख्याच, वाकड्या, राखाडी-पिवळ्या, कडू, वास नाही. म्हणून सेक्शन घेतला. खऱ्या सर्पगंधेच्या बुचात, म्हणजे सालीच्या सगळ्यात बाहेरच्या भागात, थर असतात, बारीक पेशींचा एक पट्टा, मोठ्या पेशींचा एक, परत बारीक, विटांच्या भिंतीत आडव्या-उभ्या रांगा लावाव्यात तसं, आणि सालीत स्टोन सेल किंवा धागे नसतात. टेट्राफायलाचं बूच एकसारखं, थर नाहीत, आणि सालीत स्टोन सेल सापडतात. तुमच्या यात्रेतल्या मुळीत बूच एकसारखं होतं आणि स्टोन सेल पण मिळाले, मोजून तीन वेगवेगळ्या तुकड्यांत. ताज्या मोडलेल्या जागी नायट्रिक अ‍ॅसिडचा थेंब टाकला की सर्पगंधेत किरणांच्या रेषा लाल होतात, ती टेस्ट मी केली पण त्यावर निकाल दिला नाही, दोघी एकाच वंशातल्या, म्हणून बुचावरच विश्वास ठेवला.

म्हणजे ती सर्पगंधा नाही. तिच्यात पण अल्कलॉइड आहेत, रेसरपीनसुद्धा, म्हणून "खोटी आहे तर निरुपद्रवी असेल" असं समजू नका. दोन्ही पुड्या घेऊन वडिलांच्या डॉक्टरकडं जा, किती दिवस घेतली ते लपवू नका, बीपी बसून आणि उभं राहून दोन्ही मोजायला सांगा. आणि रानात कुठं खरी तीन पानांची सर्पगंधा दिसली तर उपटू नका, रानातनं काढून काढून ती फार कमी झालीय, साइट्स या दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात तिचं नाव आहे. पान, फुलाचा फोटो आणि जागा लिहून पाठवा, मुळी जमिनीतच राहू द्या.